हॉलमधली गादी

मी घोरते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोपर्यंत ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, नात्यातल्या बऱ्याच बायकांना माहीत होतं, आणि उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात त्यामुळे बहुधा शेजारच्या बिल्डिंगलाही माहीत असावं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

पुरुषाचं घोरणं हा घरोघरी चेष्टेचा विषय असतो. लग्नात, सहलीत, सगळ्यांसमोर त्याची नक्कल होते आणि तोही हसतो. बाईच्या घोरण्याचा विषय मात्र कुणी तोंडावर काढत नाही. माझ्या बाबतीत हा सभ्यपणा मला चांगलाच महागात पडला असता. आता मी बरी आहे, रात्री नीट झोपते, दिवसा जागी असते. म्हणून हे लिहायला बसले आहे, माझ्यासारख्या ज्या कुणी असतील त्यांच्यासाठी.

मी धायरीला राहते आणि ब्लाऊज शिवते. आमच्या घराच्या खालच्या भागात सासऱ्यांच्या काळी म्हशी बांधायचे, तिथे आता माझं दुकान आहे. आजूबाजूला सगळीकडे इमारती उठल्या, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नाही. माझे यजमान दिलीप हडपसरला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. मी त्यांना 'हे' म्हणते, इथेही तसंच लिहीन. मुलगी प्राजक्ता आयटीत आहे आणि बरेच दिवस घरूनच काम करते.

दोन उजव्या बाह्या

सुरुवात एका नवरीच्या ब्लाऊजपासून झाली. पैठणीचं कापड, बाहीला जरीचे काठ. अशा कापडाच्या बाह्या एकेक करून कापाव्या लागतात आणि दुसरी कापताना कापड उलटं करून घ्यावं लागतं, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या होतात. शिवणकाम शिकायला आलेल्या मुलींना मी हे पहिल्या आठवड्यात सांगते. आणि त्या दुपारी मीच दोन उजव्या बाह्या कापून बसले. कापड संपलेलं. लग्न तोंडावर आलेलं.

जोड लावून, काठ उसवून, कसंबसं निभावलं. नवरीची आई काही फार बोलली नाही. "ताई, तुमच्याकडून असं?" एवढंच म्हणाली. ते मला शिवी दिल्यासारखं लागलं.

खरं तर त्याच्या आधीपासून माझं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी उठले की डोकं जड, घसा कोरडा, आणि आठ तास झोपूनही रात्रभर दळण दळल्यासारखं अंग आंबलेलं. मशीनवर बसल्या बसल्या डुलकी लागायची. एकदा सुई बोटातून गेली. स्कूटीवर सिग्नलला उभी असताना मागच्याने हॉर्न वाजवला की दचकून जागी व्हायचे. मग मी स्कूटी चालवणंच सोडून दिलं आणि घरच्यांना सांगितलं की ट्रॅफिक फार वाढलंय. ते तर कुणालाही पटतं.

दुपारी मी दुकान बंद करून गाढ झोपायचे. पण पुण्यात दुपारी झोपणाऱ्याला आजारी समजायचं ठरवलं तर अर्ध्या शहराला सलाइन लावावं लागेल. दारावर 'एक ते चार बंद' अशी पाटी होती, तिचं गिऱ्हाइकांना कौतुकच वाटायचं.

डॉक्टर झाले. लोहाच्या गोळ्या झाल्या, थायरॉइड तपासून झालं, व्हिटॅमिनची इंजेक्शनं झाली. ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं, त्याची गोळी सुरू झाली. "हे वयच असं असतं," असं एका डॉक्टरबाईंनी समजावलं. रात्री काय होतं, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मी झोपलेली असायचे. आणि दवाखान्यात दरवेळी मी एकटीच जायचे.

गादी बाहेर गेली ती गेलीच

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगायला मला घोरण्यापेक्षा जास्त लाज वाटते.

प्राजक्ता शाळेत होती तेव्हा ह्यांना दुसरी पाळी असायची. मध्यरात्री परत आले की माझी झोपमोड नको म्हणून हे हॉलमध्ये गादी टाकून झोपायला लागले. पुढे पाळी बदलली, हे कायमचे दिवसाला आले. गादी मात्र हॉलमध्येच राहिली. एकदा विचारलं तर म्हणाले, "पाठ धरते गं. खाली कडक जागेवर बरं वाटतं."

मी हो म्हटलं. पण मनातून मला काय वाटायचं ते बायकांना सांगायला नको. माझं अंग सुटलं होतं, केस पातळ झाले होते, दिवसभर मी पेंगत असायचे. असल्या बाईशेजारी कोण झोपेल? हे बोलायला चांगले, वागायला चांगले, सकाळचा चहासुद्धा तेच करायचे. त्यामुळे भांडणाला काही निमित्तही मिळेना. रोज सकाळी हे गादीची वळकटी करून कोपऱ्यात उभी करायचे आणि मी तिच्याकडे न बघता केर काढायचे. कितीतरी वर्षं असं चाललं. इस्त्री करताना मला कधी कधी रडू यायचं.

काकींचा हात

मग दिराच्या मुलाचं लग्न आलं. सिंहगड रस्त्यावरच्या एका कार्यालयात हळदीच्या दिवशी सगळ्यांचा मुक्काम होता. बायकांची झोपायची सोय एका मोठ्या खोलीत, ओळीने गाद्या. मी मधोमध झोपले होते. एका बाजूला जाऊबाई, दुसऱ्या बाजूला नणंद.

सकाळी जाग आली तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना मोकळी फरशी होती. सगळ्या बायका आपापल्या गाद्या घेऊन समोरच्या भिंतीकडे सरकल्या होत्या आणि तिथे दाटीवाटीने झोपल्या होत्या. माझ्या अंगाशी फक्त आमच्या काकी बसलेल्या. काकी म्हणजे ह्यांच्या चुलती, ऐंशीच्या घरातल्या. डोळे लालभडक.

"काकी, लवकर उठलात?" मी विचारलं.

"उठायला निजलंय कोण? आगं, रातभर तुझ्या नाकाशी हात धरून बसलेय मी."

मला काही कळेना. काकींनी ते सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं.

"घोरती तू. घोर की, त्याचं काय न्हाय. आमची म्हस बी घोरायची. पर मधीच गप व्हती. श्वासच न्हाय! आता घेल, मग घेल म्हणून बघत बसायचं. मग एकदम दचकून घेती, बुडता माणूस वर आल्यावानी. मला वाटलं, वरातीच्या आधी तुझीच तयारी करावी लागतीय."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. "तसं काही नाही हो, वहिनी, तिकडे पंखा होता म्हणून आम्ही..." असं म्हणून त्या घाईघाईने केसांच्या पिना शोधायला लागल्या. सगळ्याच बायका एकदम कशात ना कशात गुंतल्या.

लग्न लागेपर्यंत मी खाली मान घालून वावरले. घोरते, याची लाज वाटत होती. पण 'श्वासच न्हाय' हे शब्द डोक्यातून जाईनात.

घरी येऊन प्राजक्ताला विचारलं.

"प्राजू, मी घोरते?"

"म्हणजे... हो. थोडंसं."

"थोडंसं?"

"आई, मी ते एवढे महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन्स कशासाठी घेतले, तुला काय वाटतं? मीटिंग्जसाठी?"

मी तिच्यावर खूप चिडले. सगळ्या घराला माहीत असून कुणी मला सांगू नये, याचा मला राग आला. मग तिने मोबाइलवर काहीबाही वाचलं, चेहरा गंभीर केला आणि एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. "या वेळी बाबांना घेऊन जायचंस," असं बजावलं.

शेजारी कोण झोपतं?

डॉक्टरांनी हा प्रश्न अगदी सहज विचारला. मी म्हटलं, "कुणी नाही." मला वाटलं, आता यांना आमच्या संसाराचं सगळं कळलं.

मग हे बोलले. "मी हॉलमध्ये असतो. पण मधलं दार उघडं ठेवतो."

"श्वास थांबल्यासारखा वाटतो कधी?"

"हो. रोज."

"मग काय करता?"

"खाकरतो. तेवढ्याने नाही झालं तर स्टुलावरचा तांब्या वाजवतो. मग ही कूस बदलते आणि पुन्हा सुरू होतं."

रात्री तांब्याचा आवाज मी कितीदा अर्धवट झोपेत ऐकला होता. ह्यांना तहान फार लागते, असं मी समजायचे.

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये गाडीजवळ उभी राहून मी ह्यांना विचारलं, "सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता. शेजारी एकजण गाडी काढत होता तो थांबून बघायला लागला.

हे किल्लीशी खेळत म्हणाले, "आई घोरायची, तुला आठवतं ना? लग्नात पोरं तिची नक्कल करायची. मोठी माणसं हसायची. मग ती कुणाकडे मुक्कामालाच जायची नाही. सख्ख्या बहिणीकडेसुद्धा गेली नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या बायकोला असं कुणी बोलायचं नाही."

"आणि पाठ?"

"पाठीला काही झालेलं नाही. तू थांबलीस की माझी झोप उडायची. मग दिवसभर कामावर डोळे मिटायचे. बाहेर थोडी तरी झोप लागायची."

मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "आई झोपेत गेली. सगळे म्हणाले, पुण्यवान बाई, काही भोगलं नाही. मीही तसंच म्हणालो."

सासूबाई कशाने गेल्या ते कुणालाच माहीत नाही आणि आता कळणारही नाही. पण त्या क्षणी ह्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी गाडीवर मागे बसले आणि धायरी येईपर्यंत त्यांच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

वायरी आणि मुखवटा

मग झोपेची तपासणी झाली. एक रात्र रुग्णालयात झोपायचं. डोक्याला, छातीला, पायाला वायरी चिकटवतात, बोटाला चिमटा लावतात आणि म्हणतात, आता निवांत झोपा. मला वाटलं, आज काही झोप लागत नाही. पण मी ती, भिंतीला टेकून झोपणारी. तपासणी करणारी मुलगी सकाळी म्हणाली, "मावशी, तुमच्यासारखं पटकन कुणी झोपत नाही." ती हे कौतुकाने म्हणाली, पण तोच तर माझा आजार होता. केसांतली ती चिकट पेस्ट निघता निघत नव्हती.

आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घसा आतून मिटतो, हवा जात नाही, शरीर घाबरून अर्धवट जागं होतं, श्वास घेतं आणि पुन्हा झोपतं. हे रात्रभर चालतं आणि आपल्याला आठवत काहीच नाही. माझा त्रास मध्यम होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बरं झालं आलात. ब्लडप्रेशरही यानेच वाढत असावं. आणि काही दिवस गाडी चालवू नका." पेंग येते म्हणून मी ती आधीच सोडली आहे हे ऐकून ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनीही नजर वळवली. लपवाछपवी दोन्हीकडून चालली होती तर.

आधी मशीन वापरून पाहिलं. नाकावर मुखवटा बसवायचा, नळीतून हवा येते. पुष्कळ लोकांना त्याने फार बरं वाटतं, दवाखान्यात असे लोक मला भेटले. मला मात्र तो लावला की गुदमरायला व्हायचं. झोपेत मी तो ओरबाडून काढायचे. बरेच दिवस झगडले. एका सकाळी मी गादीवर बसून रडले आणि म्हटलं, मला नाही जमत.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "तुमचा त्रास मध्यम आहे, दात चांगले आहेत. दातांच्या डॉक्टरांकडून एक साधन करून घेऊन बघू." झोपेचा आणि दातांचा काय संबंध, असं मला वाटलं. संबंध सोपा आहे. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन पट्ट्या असतात, त्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि झोपेत खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतात. जबडा पुढे आला की जीभ मागे पडत नाही आणि घसा उघडा राहतो.

माप

वारज्याच्या त्या दातांच्या डॉक्टर वयाने लहान होत्या, पण कामात चोख. एक दात किडलेला होता, तो आधी भरून घेतला. मग माप घेतलं. तोंडात गुलाबी लगदा भरलेला साचा दाबून धरला तेव्हा मला उमासे यायला लागले. "नाकाने श्वास घ्या आणि पायाची बोटं हलवा," त्या म्हणाल्या. कशासाठी ते कळलं नाही, पण बोटं हलवण्याच्या नादात माप होऊन गेलं.

मग म्हणाल्या, "खालचा जबडा पुढे काढा. अजून. जेवढा जाईल तेवढा." प्राजक्ता सोबत आली होती, ती खदखदून हसायला लागली. माझ्या तोंडात काहीतरी धरलेलं, त्यामुळे रागावताही येईना.

मी विचारलं, "हे बाजारात तयार मिळतं ना? गिऱ्हाईक सांगत होती."

"मिळतं. गरम पाण्यात बुडवायचं आणि चावायचं. तुम्हाला मी ते देणार नाही. कुठेतरी टोचतं, कुठेतरी सुटतं, मग माणूस ते कपाटात टाकतो आणि म्हणतो, याने काही होत नाही."

"म्हणजे रेडिमेड ब्लाऊज."

त्या हसल्या. तेव्हापासून आमचं जमलं. साधन तयार होऊन आलं तेव्हा त्या "कसं वाटतंय?" असं विचारायच्या आणि मी गिऱ्हाइकासारखं 'ठीक आहे' म्हणायचे नाही. "डाव्या दाढेला काचतंय. पुढे मोकळं आहे." त्या घासायच्या, पुन्हा बसवायच्या. दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू होते. एका चिमुकल्या किल्लीने ते फिरवले की जबडा आणखी जरासा पुढे येतो. पहिल्याच दिवशी सगळा पुढे ओढायचा नाही, अंगाला सवय होईल तसा न्यायचा. मीही ब्लाऊजला आतून माया सोडते, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. त्यामुळे ही पद्धत मला लगेच पटली.

पहिले आठवडे सोपे नव्हते, हे खोटं कशाला सांगू? उशी लाळेने भिजायची. सकाळी जबडा असा अवघडलेला असायचा की दाढेवर दाढ बसायची नाही, भाकरीचा पहिला घास इकडे तिकडे फिरवत बसायचे. साधन घातल्यावर बोबडं बोललं जायचं. एकदा भाजीवाला दारात आला तेव्हा ते तोंडातच होतं. मी 'कोथिंबीर' म्हटलं आणि त्याने सरळ माझ्या हातात गवार ठेवली.

"एकदम छान"

आता या सगळ्यात झालेला घोळ सांगते, कारण तो फक्त आमच्याच घरात होऊ शकतो.

स्क्रू किती फिरवायचे हे ठरवताना डॉक्टर प्रत्येक वेळी ह्यांना विचारायच्या, "आता घोरतात का? श्वास थांबतो का?" आणि हे म्हणायचे, "नाही हो. एकदम छान." घरीही तेच. मी सकाळी विचारायचे, "घोरले?" उत्तर तयार, "छे, छे." डॉक्टरांनी समाधानाने स्क्रू फिरवणं थांबवलं.

मी मात्र अजून मशीनवर पेंगत होते. पूर्वीपेक्षा कमी, पण होते. मला वाटायला लागलं की आता यावर काही उपाय उरला नाही. मुखवटा जमला नाही, हेही चाललं नाही. सासूबाईंसारखी मीही एका सकाळी पुण्यवान होणार, असं वाटून मी दुकानात पाठमोरी बसून राहायचे. तेव्हा मला खरोखर भीती वाटली.

मग माझं लक्ष तांब्याकडे गेलं. रात्री मी तो भरून, वर भांडं उपडं घालून स्टुलावर ठेवायचे. सकाळी भांडं काढून बाजूला ठेवलेलं असायचं आणि पाणी तसंच काठोकाठ. माणूस न पिता भांडं कशाला काढेल? तांब्यावर आपटायला.

मी ह्यांना काही बोलले नाही. हे खोटं बोलत होते ते माझ्यासाठीच, आणि विचारलं असतं तर आणखी गोड खोटं बोलले असते. मला हवं होतं खरं सांगणारं माणूस. तसं आमच्या नात्यात एकच होतं. मी काकींना फोन केला, "थोडे दिवस राहायला या. माझ्या खोलीत झोपा."

काकी पिशवी घेऊन आल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाच्या वेळी, हे समोर बसलेले असताना, त्यांनी निकाल दिला.

"आवाज कमी झालाय. पर पहाटंच्या टायमाला अजून गप व्हती. आन् बाहेर कोण रातचं भांडी वाजवतंय?"

ह्यांनी कपात तोंड घातलं.

"दिल्या, तिकडं बघू नगं, हिकडं बघ. डागदरीणबाईला काय सांगितलंस? छान हाय म्हणून?"

"काकी, तिला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटल्यानं मरत न्हाय माणूस. तुझ्या आईला सगळी हसली, पर एकानं बी दवाखान्यात न्हाय नेली. मी बी हसले. आता हिला तरी खरं सांग."

हे उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. परत आले ते म्हणाले, "आज मी सुट्टी टाकतो. वारज्याला जाऊ."

दातांच्या डॉक्टरांसमोर हे पाठ केल्यासारखं बोलले. "ही घोरते. कमी झालंय पण घोरते. पहाटे श्वास थांबतो. उताणी असली की जास्त." डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि किल्ली हातात घेतली. "हेच आधी सांगायचं होतं ना काका," एवढंच बोलल्या.

स्क्रू थोडे फिरले. काकींनी अहवाल दिला. परत थोडे फिरले. काकींचे अहवाल एवढे बारीक असायचे की कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, यांनाच नोकरीला ठेवतो. एका सकाळी काकी उठल्या त्या वैतागलेल्याच.

"काय झालं, काकी?"

"आवाजच न्हाय! दोनदा उठून तुझ्या नाकाशी हात धरला. आपलं बारकं पोर घेतं तसा श्वास चाललेला. मला मेलीला झोप लागंना." आणि मग त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

साधन तोंडात घालून पुन्हा तपासणी केली. डॉक्टरांनी कागद बघितला, हसले आणि म्हणाले, "हेच चालू ठेवा. तपासायला येत राहा." मी त्यांच्यासमोरच रडले. यावेळी ह्यांनी माझा हात धरला, चारचौघांत.

हे वाचणारीसाठी

हे साधन सगळ्यांना चालतंच असं नाही. ज्यांचा त्रास जास्त आहे त्यांना मशीनच लागतं, आणि दात हलत असतील तर ते जमत नाही. म्हणून आधी तपासणी, मग दातांचे डॉक्टर. माझं पाहून परस्पर काही तोंडात घालू नका. मी ते रोज सकाळी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुते. गरम पाण्याने ते वाकडं होतं. जबडा अजूनही कधी अवघडतो, चहा पिईपर्यंत सुटतो.

आणि डॉक्टरांकडे जाताना रात्री तुमचा आवाज ज्याच्या कानावर पडतो त्याला बरोबर न्या. तो माणूस खरं बोलणारा आहे ना, एवढं बघून घ्या. दिवसा पेंगणाऱ्या बाईला आळशी म्हणू नका. तिच्या घोरण्यावर हसू नका आणि तिच्यापासून ते लपवूही नका. जेवताना भाजीत मीठ कमी पडलंय असं जसं सांगतो, तसं सांगा.

माझं ब्लडप्रेशर उतरलं, डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. स्कूटी परत चालवते. दुपारची पाटी मात्र काढलेली नाही. आता त्या वेळात मी जागी राहून कटिंग करते, पण पाटीला गिऱ्हाइकांचा मान आहे.

गादी

काकी निघाल्या त्या दिवशी पिशवी भरताना ह्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी जागा मोकळी झाली बरं का." मी लाजले. या वयात!

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी ओटा आवरून आत गेले तर हॉलमधली गादी आत आलेली होती, माझ्या गादीला लावून. हे तिच्यावर चादर घालत होते आणि चादर सारखी चुकीच्या बाजूने खाली येत होती. मी दुसरं टोक धरलं.

सुरुवातीला ह्यांना शांततेची सवय होईना. मधूनच उठून बसायचे, माझ्या नाकाशी हात धरायचे. मला कळायचं, मी डोळे मिटून पडून राहायचे. इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्या खोलीत झोपतो म्हणून मी मनात कुढत होते, आणि तो तिथे माझा श्वास ऐकत जागा होता. माझ्या आजारपणात झोप माझी गेली असं मी समजत होते. त्याची किती गेली याचा हिशेबच नव्हता.

मागच्या रविवारी मला जाग आली तेव्हा उन्हं पार कपाटापर्यंत आली होती आणि घरात चहाचा वास नव्हता. हे माझ्या शेजारी पालथे पडून झोपले होते, तोंड उघडं, एक हात गादीबाहेर फरशीवर पसरलेला. हे दिवसपाळीला आले तेव्हापासून मी ह्यांच्या आधी उठले असं कधी झालं नव्हतं. मी तशीच बसून बघत राहिले.

तेवढ्यात खाली दुकानाच्या दारात हाक आली. त्या नवरीची आई होती, दोन उजव्या बाह्यांवाली. धाकट्या मुलीचं ठरलं होतं, हातात कापडाची पिशवी होती. दोन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती लग्नाचं सांगायला लागली. मी जिन्यातून पळतच खाली गेले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला हो," मी म्हटलं. "वर हे झोपलेत."